राजगड ते तोरणा एका दमात: धारेवरचा दिवस कसा आखायचा

राजगड-तोरणा रेंज ट्रेक, म्हणजे राजगडावरून डोंगराच्या धारेनं चालत थेट तोरण्यावर, करायचाय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती किलोमीटर आहे? कोणी बारा सांगेल, कोणी पंधरा, कोणाच्या घड्याळात अठरा आले असतील, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील कारण कोणी कुठून मोजायला सुरुवात केली यावर सगळं आहे. पण खरं सांगू का, त्या आकड्याचा काडीचा उपयोग नाही. सह्याद्रीच्या धारेवर अंतर तासांत मोजायचं, आणि या ट्रेकमध्ये तर तासच कमी पडतात.

गोची अशी आहे की दोन्ही गड जवळपास सारख्याच उंचीचे, राजगड 1376 मीटरच्या आसपास आणि तोरणा 1403. राजगडाच्या संजीवनी माचीच्या (माची म्हणजे गडाच्या माथ्याखालची तटबंदीची सपाटी) टोकाला उभं राहिलं की समोर तोरण्याची बुधला माची इतकी स्वच्छ दिसते की वाटतं हे काय, सरळ तर जायचंय. सरळ काही नाहीये. आधी राजगड बऱ्यापैकी उतरायचा, मग धारेवरचे चढउतार, मग पुन्हा तोरणा चढायचा, आणि तोही दुपारच्या उन्हात. दोन्ही किल्ले सुटेसुटे केलेली माणसं इथे फसतात कारण त्यांना किल्ल्यांची सवय असते, मधल्या धारेची नसते. त्यामुळे या ट्रेकची सगळी तयारी, म्हणजे पाणी, बूट, उठायची वेळ, किती जण घ्यायचे, सगळं त्या मधल्या तुकड्याकडे बघून करायचं. किल्ले आपोआप होतात.

आधी सीझन. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, बस्स. पावसाळ्यात धारेवर धुकं बसलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि घसरण तर विचारू नका. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेपर्यंत, वाट त्याच्या पोटात, वर ऊन असं की डोकं फुटेल. मार्चनंतर पाणी आटत जातं आणि गवत वाळून कोलीत होतं. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरा पण त्यात एक मेख आहे, दिवस लहान. सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या आसपास मावळतो. हे लक्षात ठेवा, पुढे हिशोबात लागणार आहे.

दिशा कुठली? राजगडाकडून तोरण्याकडे. उलटं करणारेही आहेत आणि त्यांच्याकडे त्यांची कारणं असतात, पण माझं मत पक्कं आहे. राजगडावर पद्मावती माचीला पाणी आहे, सकाळी ताज्या पायांनी निघता येतं, आणि शेवटी तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात उतरलात की हॉटेल, चहा, गाडी, दवाखाना सगळं एका गावात मिळतं. उलट केलं तर थकलेल्या पायांनी अंधारात राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याला उतरावं लागतं, चोर दरवाजाच्या वाटेनं. ती वाट रात्री उतरायची नाही.

आता गाडीचा घोळ. सुरुवात एका गावात, शेवट दुसऱ्या. स्वतःची गाडी असेल तर ती पहिल्या दिवशीच वेल्ह्यात लावा आणि तिथून जीप करून गुंजवण्याला या, भाडं आधी ठरवून. पुण्याहून सातारा रस्त्यानं नसरापूर फाट्याला आत वळायचं, पुढे मार्गासनीला फाटा फुटतो, एक वेल्ह्याकडे आणि एक साखरमार्गे गुंजवण्याकडे, त्यामुळे हे फार लांबचं काम नाही. एसटीनं येणार असाल तर प्रश्नच मिटला, फक्त परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ वेल्ह्यात किंवा स्वारगेटला आदल्या आठवड्यात विचारून घ्या. नेटवर सापडलेलं वेळापत्रक धरून बसू नका, ते कुठल्या साली कोणी टाकलंय देव जाणे.

पहिल्या दिवशी दुपारी राजगड चढायचा. गुंजवण्यातून चोर दरवाजानं दोन-अडीच तास, शेवटी उभा कातळ आणि रेलिंग. कोणी नवखं सोबत असेल तर पाली दरवाजा घ्या, पायऱ्या आहेत, वाट रुंद आहे, तो राजमार्ग होता म्हणून. मुक्कामाचं मात्र आधी गावात विचारून घ्यायचं. राजगड 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलाय, मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले घेतले त्यात तो आहे, आणि गडावर राहू देतात की नाही, चूल मांडू देतात की नाही याचे नियम बदलत असतात. वर राहायची सोय नसेल तर गुंजवण्यात कोणाच्याही पडवीत जागा मिळते, मावशी पिठलं-भाकरी करून देतात, फक्त मग सकाळी अंधारात, चारला वगैरे, निघायची तयारी ठेवा.

दुसऱ्या दिवसाचा हिशोब असा. साडेसहाला पद्मावती माची सोडायची. अर्धवट उजाडलेलं असतं, चालेल. संजीवनी माची अडीच किलोमीटर लांब आहे आणि तिची ती दुहेरी चिलखती तटबंदी बघायला प्रत्येक जण थांबतो, थांबावंच, पण मोजून. आठच्या आत अळू दरवाजातून बाहेर पडलेलं असायला हवं. तिथून घसाऱ्यानं, म्हणजे सुट्या खडीच्या घसरड्या वाटेनं, उतार, मग धार, आणि मग वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता खिंडीत आडवा येतो, तिथे साडेदहा. रस्ता ओलांडून पुन्हा झाडीतून वर, धारेवरून दोन-तीन टेपाडं, बुधला माचीच्या पायथ्याला दीड. शेवटचा उभा चढ आणि शिडी संपवून माचीवर अडीच, मेंगाई देवीच्या देवळापाशी साडेतीन. अर्धा तास टेकलात की चार. बिनी दरवाजातून वेल्ह्यापर्यंत दोन ते अडीच तास. म्हणजे सगळं नीट जमलं तरी साडेसहा, आणि सूर्य सहालाच गेलेला. समजलं ना? एक माणूस पाय मुरगळून बसला, एकदा वाट चुकली, एकाला फोटोचा किडा आहे, की पूर्ण उतरण अंधारात.

म्हणून डांबरी रस्त्याला कटऑफ लावा. अकरापर्यंत सगळा ग्रुप, शेवटच्या माणसासकट, रस्त्याला आला तर पुढे. नाही आला तर तिथूनच रस्त्यानं वेल्ह्याकडे उतरायचं, गाडी मिळाली तर गाडीनं नाहीतर चालत. हे ट्रेकच्या आधी, घरी बसून, सगळ्यांना सांगून ठरवायचं, कारण रस्त्याला पोचल्यावर कोणालाच थांबावंसं वाटत नसतं आणि ज्याचं पाणी संपलंय तोच सगळ्यात जोरात "चला रे होईल" म्हणत असतो. रस्त्यानंतर बुधल्यापर्यंत मधेच सोडून खाली जायची सोपी वाट नाही. खाली दिसणाऱ्या वाड्यांकडे वाट आहे असं वाटतं आणि ती वाट म्हणजे ढोरवाट निघते, जी शंभर पावलांवर कड्याच्या टोकाला जाऊन संपते.

पाणी. माणशी चार लिटर, तोंडानं सांगायचे नाहीत, निघताना बाटल्या मोजायच्या. चार लिटर म्हणजे चार किलो, त्यामुळे बाकीची सॅक हलकी हवी. मध्ये भरवशाचं पाणी नाही. रस्त्याच्या पुढे एखाद्या धनगराच्या घरी पाणी मिळेल, नशीब जोरावर असेल तर ताकही मिळेल, पण ते मिळालं तर बोनस समजा. तेही डोक्यावरून हंडे आणतात, तेव्हा "मामा थोडं पाणी मिळेल का" म्हणून विचारा आणि बाटल्या भरून घेतल्या तर पैसे द्या, नको म्हणाले तरी पोरांच्या हातात द्या. प्यायचं कसं, तर तहान लागायची वाट न बघता वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. नुसतं पाणी ढोसत राहिलात आणि घामातून मीठ जात राहिलं तर दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात. एका लिटरची ओआरएस पावडर बाटलीत कालवा, पॅकेटवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच, अर्ध्या बाटलीत अख्खं पॅकेट नाही. पावडर म्हणजे मेडिकलमधली, टेट्रापॅकमधली गोड सरबतं वेगळी. पावडर नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, काम होतं.

ऊन लागल्याची खूण ओळखायला शिका. माणूस चिडचिड करायला लागतो, मग गप्प होतो, डोकं दुखतंय म्हणतो, मळमळतं. इथे थांबायचं, सावलीत घ्यायचं, बूट-सॅक काढायची, मान आणि काखा ओल्या करायच्या, वारा घालायचा, घोट घोट पाणी. असंबद्ध बोलायला लागला, पाऊल वाकडं पडायला लागलं, की ती साधी दमणूक नाही, तो उष्माघात आहे. पिण्याचं राखून ठेवलेलं पाणी त्याच्या अंगावर ओता, शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, आणि मदत बोलवा. ट्रेक तिथे संपला.

बूट हा दुसरा विषय ज्यावर लोक उगाच पैसे घालवतात. हिमालयासाठीचे घोट्याच्या वर जाणारे जाडजूड वॉटरप्रूफ बूट इथे नकोत, पाय आत शिजतात. आपल्याकडे मुरूम, वाळलेलं गवत आणि गुळगुळीत कातळ, तिन्हींवर पकड धरणारं मऊ रबर हवं. ॲक्शनचे ट्रेकिंग शूज आपली पोरं कित्येक वर्षं वापरतायत, दिसायला जेमतेम पण कातळावर चिकटतात. डिकॅथलॉनचेही चालतील. काहीही घ्या पण नवीन बूट घेऊन थेट या ट्रेकला येऊ नका, आधी सिंहगड दोन-तीनदा करा, मगच. जुने असतील तर सोल हातानं वाकवून बघा, पुढच्या टोकाला सुटायला लागला असेल तर धारेवर तो पूर्ण सुटणार. नखं आदल्या रात्री कापा. उतारावर अंगठा पुढे आपटून काळा पडतो तो बऱ्याचदा वाढलेल्या नखांमुळे.

घसारा उतरायचा कसा हे कोणी शिकवत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. अळू दरवाजाच्या खाली गेल्या गेल्या तो लागतो, पायाखाली सुटी खडी, बाजूला वाळलेलं गवत. घाबरलेला माणूस मागे रेलतो आणि टाच रोवायला बघतो, आणि रेललं की वजन मागे जाऊन पाय पुढे सटकतात, झालं, बूड टेकलं. उलट करायचं. गुडघे थोडे वाकवा, नाक बुटाच्या टोकावर येईल इतकं पुढे झुका, तळवा पूर्ण टेकवा, आणि वाटेला आडवं वळून तिरपं उतरा, आधी डावीकडे चार पावलं, मग उजवीकडे चार. पावलं छोटी. काठी असेल तर ती डोंगराच्या बाजूला. आधाराला गवत धरायचंच असेल तर मुळाशी, मूठ भरून, शेंड्याला धरलं तर ते हातात येतं आणि सोबत तुम्हीही. कारवीचं खोड वाळलेलं असेल तर काडकन मोडतं, आधी हलवून बघा. आणि एकाच्या डोक्यावर दुसरा असं कधीच उतरायचं नाही. पुढचा बाजूला झाल्याशिवाय मागच्यानं पाऊल टाकायचं नाही, दगड सुटला तर लाज न बाळगता "दगड!" म्हणून ओरडायचं, आणि खालच्यानं वर न बघता डोकं सॅकखाली घ्यायचं.

सॅकमध्ये काय, तर कमी. पाणी, दोन वेळचं कोरडं खाणं (गुळपोळी, दशम्या, शेंगदाणे, खजूर, उकडलेली अंडी सकाळपुरती), पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, पातळ सुती चादर किंवा पंचा, हेडटॉर्च आणि तिचे जास्तीचे सेल, शिट्टी, पॉवर बँक, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, रोज घ्यायच्या गोळ्या. हेडटॉर्च प्रत्येकाकडे स्वतःची, मोबाइलचा टॉर्च धरला तर तोरण्याच्या रेलिंगला एकच हात उरतो. दहा मीटर रोप ग्रुपमध्ये एकाकडे असावा पण वापरायची माहिती असेल तरच, नाहीतर तो फक्त वजन. स्पीकर घरी ठेवा, प्लीज. तो सुती पंचा मात्र विसरू नका, त्याचं कारण मधमाश्या.

आग्या मोहोळं. सह्याद्रीच्या कड्यांना, बुरुजांच्या पोटाला, मोठ्या झाडांना ही पोळी लटकलेली असतात आणि एकदा उठली की शेकड्यांनी येतात. आपण काय करतो तर डिओ मारून जातो, बुरुजाखाली शेकोटी पेटवतो, एखादा शहाणा दगड मारतो. उठल्या तर हात झटकू नका, झटकलेल्या हातावर अजून येतात. पंच्यात डोकं, तोंड, मान गुंडाळा आणि वाट माहीत असेल त्या दिशेनं लांब जा, पळताना कडा कुठे आहे ते भान ठेवा कारण माश्यांपासून पळताना दरीत गेल्याचे प्रकार घडलेत. पळायला जागाच नसेल तर झुडपात किंवा चादरीखाली पालथं पडून गप्प राहा. काटे नंतर नखानं किंवा एटीएम कार्डच्या कडेनं खरवडून काढा, जितक्या लवकर तितकं बरं. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, अंगभर गांध्या उठल्या, की दवाखाना, वेळ न घालवता. ज्याला ॲलर्जी आहे हे माहितीये त्यानं डॉक्टरांना विचारून औषध सोबत ठेवायचं आणि ग्रुपमध्ये दोघांना तरी सांगून ठेवायचं कुठल्या कप्प्यात आहे.

सापांबद्दल थोडक्यात. उन्हाला आलेलं फुरसं दगडाच्या रंगाचंच असतं, म्हणून हात ठेवायच्या आधी खाच बघायची, बसायच्या आधी दगड काठीनं ठोकायचा. चावलाच तर कापणं, चोखणं, दोरीनं आवळणं यातलं काहीच नाही. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हलणार नाही असा बांधा, माणसाला चालवू नका शक्यतो, आणि सरकारी दवाखाना गाठा, सापाच्या विषावरचं औषध तिथेच मिळायची शक्यता जास्त. साप पकडून सोबत न्यायच्या भानगडीत पडू नका.

वाट चुकणं. रस्त्यानंतरच्या झाडीत हे हमखास होतं. दगडांवर बाण आहेत पण गवतात झाकलेले, शिवाय गुरांच्या वाटा इतक्या की खरी कोणती ते कळत नाही. सोपा नियम, धार सोडायची नाही. वाट धारेवरून खाली दरीकडे झुकायला लागली आणि दहा मिनिटं झाली तरी परत वर येत नसेल तर तुम्ही ढोरवाटेवर आहात, जिथे शेवटचा बाण दिसला होता तिथे मागे या. पुढे काहीतरी मिळेल म्हणून रेटत जाऊ नका. फोनवर ट्रॅक आधीच डाउनलोड करा, फोन फ्लाइट मोडवर ठेवा, जीपीएस तरीही चालतं आणि बॅटरी टिकते. रेंज धारेवर येते-जाते, अमुक ठिकाणी येईलच असं धरू नका. गावातला एखादा वाटाड्या घेतलात तर उत्तम, पहिल्यांदा करणाऱ्यांनी घ्यावाच. चार जणांत वाटून घेतलं तर एका पिझ्झ्याएवढे पैसे होतात आणि मामांच्या तोंडून रस्ताभर जे ऐकायला मिळतं ते वेगळंच.

ग्रुप चार ते आठ. त्याहून मोठा असेल तर वेळेचं वर लिहिलेलं गणित विसरा. पुढे वाट माहीत असलेला, सगळ्यात मागे सगळ्यात दमदार गडी, आणि सगळ्यात हळू चालणारा पुढून दुसरा. हळू माणूस शेवटी ठेवला की तो पोचतो तेव्हा बाकीचे आराम करून उठलेले असतात आणि त्याला बसायलाच मिळत नाही, मग दुपारी तोच पडतो.

बुधल्याच्या शिडीला एका वेळी एकच माणूस. सॅक मागे खेचते म्हणून छातीचा पट्टा बांधा, काठ्या सॅकला अडकवा, हात मोकळे. वर पोचलं की बहुतेकांना वाटतं संपलं, पण बुधला माची ते मेंगाई देवीचं देऊळ यात चांगला पाऊण-एक तास आहे. तोरण्याला प्रचंडगड उगाच म्हणत नाहीत. झुंजार माची या दिवशी करायची नाही, ती बाजूला आहे, उतरायला अवघड आहे आणि तुमच्याकडे वेळ नाही. उशीर झालाच असेल आणि राहायची परवानगी असेल तर देवळात थांबा, अर्धमेल्या पायांनी अंधारात कातळटप्पे उतरण्यापेक्षा ते केव्हाही बरं. तोरण्यावरच्या भुतांच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या असतील, मला तरी तिथे उंदरांची जास्त भीती वाटते, खाऊ सॅकमध्ये बंद करून खुंटीला टांगा.

काही झालंच तर 112 आणि ॲम्ब्युलन्ससाठी 108 आहेतच, शिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर निघायच्या आधी सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा, डोंगरात शोध आणि बचावाचं काम करणाऱ्या संस्था त्यांच्यामार्फत हलतात. फोन लागला की आधी ठिकाण सांगायचं, कुठल्या दोन खुणांच्या मध्ये आहात, जीपीएसचे आकडे, किती जण, कोणाला काय झालंय. मग जखमीला उन्हा-वाऱ्यापासून झाकून एका जागी राहायचं. मदत यायला डोंगरात तासन्‌तास लागतात आणि तोपर्यंत जागा बदलली तर ते शोधत बसतात. दोघं खाली गावात पाठवायचे असतील तर दोघंच, एकटा कधीच नाही, आणि तिसरा जखमीपाशी.

घरी एका माणसाला लिहून ठेवा, कोण कोण गेलंय, कुठल्या वाटेनं, आणि रात्री दहापर्यंत फोन नाही आला तर कोणाला फोन करायचा. वेल्ह्यात उतरलात की चहाच्या आधी त्याला फोन लावा. नाहीतर इकडे तुम्ही मिसळ खात बसलेले असता आणि तिकडे बिचारा पोलीस स्टेशनला पोचलेला असतो.